फुलपात्रांच्या चळतीवर आईबाबांना न्यायचं तर

तैवानात राहणाऱ्या मराठी माणसाकडे आईबाबा आले, की आठवड्याभरात प्रश्न येतोच: "ती उंच इमारत कधी दाखवणार?" मी शिंचूला राहते, नऊ वर्षं झाली. ताइपेई १०१च्या पायथ्याशी किती वेळा गेले ते मोजलेलं नाही, पण तिकीट काढून वर पाच वेळा गेले. त्यातल्या दोन खेपा आईबाबांबरोबरच्या, कारण पहिली पार वाया गेली होती.

ती का वाया गेली ते आधी सांगते. मी हुशारी करून पंधरा दिवस आधीच शनिवारची तिकिटं काढून ठेवली होती. शनिवार उजाडला तो भुरभुर पाऊस घेऊन. पैसे भरलेत तर जाऊ या म्हणून गेलो. ८९व्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि चारही बाजूंच्या काचांबाहेर नुसतं पांढरं. शहर नाही, डोंगर नाही, काही नाही. आई काचेला नाक लावून म्हणाली, "अगं, दुधाच्या पातेल्यात उभं राहिल्यासारखं वाटतंय." बाबा काही बोलले नाहीत. तिकिटाचा आकडा रुपयांत केल्यावर ते असेच गप्प होतात.

म्हणून पहिला नियम: तारीख ठरवू नका, चार-पाच दिवस मोकळे ठेवा आणि आभाळ बघून निघा. ताइपेईचा हिवाळा म्हणजे ईशान्येच्या वाऱ्याबरोबर येणारी दिवसेंदिवसांची रिपरिप. मे-जूनमध्ये इथला आलुबुखाऱ्याचा पाऊस. फळं पिकायच्या वेळी येतो म्हणून ते नाव. जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस, आणि वादळ नसलं तरी दुपारी तीन-चारला गडगडाट ठरलेला. त्या महिन्यांत जायचं तर सकाळी लवकर. मला विचाराल तर आईबाबांचं विमानाचं तिकीटच ऑक्टोबर-नोव्हेंबरचं काढा. ऊन सौम्य, हवा कोरडी, गुडघ्यांनाही बरं.

आणि आगाऊ तिकीट काढायची घाई करू नका. इमारतीखाली रस्त्यावर उभं राहा, मान वर करा. शेंडा स्पष्ट दिसतोय? मग काढा तिकीट. शेंडा ढगात गेलाय? मग वरूनही तुम्हाला ढगच दिसणार. इतकं साधं गणित मला ६०० तैवानी डॉलर माणशी मोजून कळलं.

वेळेचं म्हणाल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी वर पोचायचं. उजेडातलं शहर, तांबूस शहर आणि दिव्यांचं शहर, एकाच तिकिटात तिन्ही मिळतात. डिसेंबरात इथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये पावणेसातला. सगळ्या ताइपेईला हे ठाऊक असल्यामुळे गर्दीही तेव्हाच असते, पण मधल्या वारी गेलात तर सोसण्याइतकी. रविवार टाळा.

आता प्रवास. शिंचूहून दोन वाटा आहेत. वेगवान रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात ताइपेई, पण तिचं स्टेशन गावाबाहेर, तिथवर जाण्यातच जीव जातो. जुन्या स्टेशनवरून साध्या रेल्वेची जलद गाडी धरली तर सव्वा तास लागतो, भाडं कमी, खिडकीतून भातखाचरं दिसतात. आईबाबांना मी जाताना साध्या गाडीने नेते, येताना वेगवान. सकाळी उत्साह असतो, रात्री नसतो.

ताइपेई मेन स्टेशनला उतरलात की मेट्रोची लाल लाईन, शियांगशान दिशेची. इथे एक खोच आहे, नवे लोक तिथेच फसतात, आम्हीही फसलो. लाल लाईनच्या काही गाड्या मध्येच दा-आन स्टेशनला संपतात. दिवे मिचकावतात, सगळे उतरतात आणि आपले आईबाबा आरामात बसून राहतात. घाबरायचं कारण नाही, उतरून त्याच दिशेची पुढची गाडी धरायची. पण आधीच डब्यावरची पाटी वाचून शियांगशानचीच गाडी घेतली तर धावपळ वाचते. उतरायचं 'ताइपेई १०१ / वर्ल्ड ट्रेड सेंटर' स्टेशनला. ४ नंबरच्या दारातून बाहेर पडलं की थेट इमारतीच्या तळघरातल्या मॉलमध्ये. पाऊस असो, ऊन असो, छत्री उघडावी लागत नाही.

प्रत्येकाच्या हातात वेगळं ईझीकार्ड, म्हणजे मेट्रोचं प्रवासकार्ड, द्या. कार्ड १०० डॉलरला मिळतं, वर लागेल तसे पैसे भरायचे. एकाच कार्डावर दोघांना आत घेता येत नाही. आईने माझ्यामागून चिकटून जायचा प्रयत्न केला आणि दार तिच्या पिशवीवर मिटलं.

मेट्रोत खाणंपिणं बंद आहे, आणि बंद म्हणजे खरोखर बंद. पाणीसुद्धा प्यायचं नाही. च्युइंगम नाही, गोळी नाही. आत शिरतानाच जमिनीवर पिवळी रेघ असते, तिच्या पुढे तोंड हललं की दंड, तोही १,५०० डॉलरपासून ७,५००पर्यंत. बाबांना जेवणानंतर बडीशेप लागते. प्लॅटफॉर्मवर त्यांनी खिशातून डबी काढली, झाकण उघडलं, चिमूट घेतली, आणि मी लहान मुलाच्या हातून माती झटकावी तशी त्यांच्या हातावर चापट मारली. शेजारचे एक आजोबा हसले. तेव्हा बडीशेप, लवंग, आवळासुपारी, जे काही असेल ते पिवळ्या रेघेच्या आधी उरकायला सांगा. पाणीही तिथेच पाजून घ्या.

गडद निळ्या रंगाच्या खुर्च्या म्हाताऱ्यांसाठी, गरोदर बायकांसाठी. आपले लोक "नको नको, बसा तुम्ही" करत उभे राहतात, आणि ज्याने जागा दिली तोही संकोचून उभा. खुर्ची रिकामी ती रिकामीच. आईबाबांना घरूनच बजावा: कुणी उठलं की बसायचं आणि "श्ये श्ये", म्हणजे धन्यवाद, म्हणायचं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, हेही.

पोटाचं वर चढायच्या आधीच बघा. शाकाहारी मंडळींची इथे उपासमार होईल अशी भीती घरी सगळ्यांना असते. उलट तैवानइतकी सोय पूर्व आशियात मला दुसरीकडे दिसली नाही. शाकाहारी खानावळीच्या पाटीवर बहुतेकदा स्वस्तिक असतं, आपल्या स्वस्तिकाचं आरशातलं रूप. आईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला देऊळच वाटलं. बौद्ध पद्धतीचं जेवण असेल तर कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही चिंता मिटली. ताट घ्यायचं, हव्या त्या भाज्या वाढून घ्यायच्या, काट्यावर वजन करून पैसे द्यायचे. "वो छ्र सू", मी शाकाहारी खाते, एवढं वाक्य पाठ असलं की पुरे. फक्त एक सांगून ठेवा: सोयाबीनचे आणि गव्हाच्या चिकाचे काही पदार्थ हुबेहूब मांसासारखे दिसतात. माझ्या सासूबाईंनी ताटातला तसा एक तुकडा बघून हात धुतला आणि नुसता भात खाल्ला. खरं काय ते मी शपथेवर सांगितलं, पण डोळ्यांना कोण समजावणार! १०१च्या तळघरातही खाण्याचे पुष्कळ गाळे आहेत, तिथली डंपलिंगची रांग मात्र तासभराची. मी मेन स्टेशनच्या आसपास जेवूनच पुढे जाते.

वर जाण्याआधी पाच मिनिटं बाहेर रस्त्यावर या आणि इमारत नीट बघा, म्हणजे वर काय ते कळतं. पुस्तकी माहिती अशी: उंची ५०८ मीटर, जमिनीवर १०१ मजले, जमिनीखाली ५, उद्घाटन २००४च्या ३१ डिसेंबरला. दुबईचा बुर्ज खलिफा २०१० मध्ये खुला होईपर्यंत जगातली सगळ्यांत उंच इमारत हीच. मधल्या भागात आठ-आठ मजल्यांचे आठ टप्पे, कारण चिनी लोकांत आठ हा आकडा लाभाचा. वास्तुकार सी. वाय. ली यांनी बांबूची पेरं डोळ्यांपुढे ठेवली होती म्हणतात. आई कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "फुलपात्रं आहेत गं. एकात एक घातलेली." खरंच तसं आहे. प्रत्येक टप्पा खाली निमुळता, वर पसरट. घासलेली फुलपात्रं ओट्यावर चळत करून ठेवावीत तशी. मला तेव्हापासून बांबू दिसेनासा झालाय.

तिकीट खिडकी पाचव्या मजल्यावर, लिफ्टही तिथूनच. पाच ते एकोणनव्वद, ३७ सेकंद. ताशी साठ किलोमीटरहून जरा जास्त वेग, पण अंगावर येत नाही. मध्ये आतला उजेड मंद होतो आणि छतावर तारे लुकलुकतात. आतला हवेचा दाब यंत्राने सांभाळलेला असतो, तरी कान थोडे दडपतातच. आवंढा गिळायला सांगा. ज्यांना चक्कर येते त्यांनी आकडे न बघता समोरच्या माणसाच्या शर्टाकडे बघावं, हा सासूबाईंचा उपाय, लागू पडतो. आणि पातळ स्वेटर हवाच. वर एसी असा असतो की खालच्या उकाड्याचा विसर पडतो.

वर पोचलात की सगळे काचांकडे धावतात. तुम्ही धावू नका. आधी गोळा बघायला जा.

इमारतीच्या पोटात, ९२व्या मजल्यावरून ८७व्यापर्यंत, जाड पोलादी दोरांना एक पिवळा गोळा टांगलेला आहे. व्यास साडेपाच मीटर, वजन ६६० टन. लांबून गुळगुळीत वाटतो, जवळ गेलं की त्याच्या कडा दिसतात: ४१ गोल पोलादी चकत्या, प्रत्येक साडेबारा सेंटिमीटर जाडीची, एकीवर एक रचून तो गोळा झालाय. चकत्या मध्ये मोठ्या, वर-खाली लहान होत गेलेल्या. एवढा मोठा गोळा एकसंध वर चढवणं कसं शक्य होतं? म्हणून तुकड्यांनी नेला आणि जागेवरच जोडला.

तो तिथे कशाला, हे आईबाबांना सोप्या भाषेत सांगायची तयारी करून जा. मी असं सांगते: वारा इमारतीला एका बाजूला ढकलतो. गोळा जड असल्यामुळे तो आपल्या जागी रेंगाळतो, मागे राहतो. मागे राहिलेला गोळा इमारतीला उलट ओढतो. झोका पुढे जाताना कुणी मागून पदर धरावा तसं. गोळ्याचा झोका इमारतीच्या झोक्याशी जुळवून ठेवलेला आहे, आणि गोळ्याखाली तिरके बसवलेले तेलाचे दट्टे त्या हालचालीतला जोर शोषून त्याची उष्णता करून टाकतात. वरच्या मजल्यांवरच्या माणसांना त्यामुळे गरगरत नाही.

माझं हे भाषण निम्म्यावर आलं असेल, तेवढ्यात बाबांनी हाताने मला गप्प केलं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं मेकॅनिक होते. ते कठड्यावरून वाकून त्या दट्ट्यांकडे बघत होते. "हा तर शॉकॲब्सॉर्बर," ते म्हणाले. "आपल्या गाडीचाच. फक्त याचा पणजोबा." मग दट्टा कुठे जखडलाय, बिजागरी कोणत्या दिशेला फिरेल, तेल गळत असेल तर खाली डाग कुठे दिसला पाहिजे, असं सगळं त्यांनी बोटाने दाखवलं. "रिकामी गाडी दहा टनांच्या आतबाहेर धर. म्हणजे साठ-पासष्ट गाड्या टांगल्यात वर." डाग काही सापडला नाही. "मेंटेनन्स चांगला आहे," असा शेरा देऊनच ते हलले. पुरती वीस मिनिटं. आई तोवर शहर बघून परत आली होती.

एक तयारी घरूनच करून ठेवा: २०१५च्या ८ ऑगस्टला सौदेलोर वादळात हा गोळा हलला, त्याचं चित्रण मोबाइलवर उतरवून घ्या आणि गोळ्यासमोर उभं राहून दाखवा. त्या दिवशी तो आपल्या जागेपासून तब्बल एक मीटर सरकला होता. भूकंपातही तो हलतो. २०२४च्या ३ एप्रिलला सकाळी आठच्या सुमारास पूर्व किनाऱ्यावरच्या हुआलिएनला ७.२ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा मी शिंचूत चहाचा कप धरून टेबलाखाली होते आणि इकडे गोळा डोलत होता. इमारत बांधून होत असताना, २००२च्या मार्चअखेरच्या भूकंपात, वरच्या क्रेन कोसळून पाच माणसं गेली. हेही मी सांगते. आई तिथेच उभी राहून हात जोडते.

मग काचा. कोपऱ्यापासून सुरुवात करून एक फेरी घाला. उत्तरेला बघा: नदीच्या अलीकडे शहराच्या ऐन मध्यात सोंगशान विमानतळाची धावपट्टी, तिच्यावर उतरणारं विमान आपल्या पायाखालून जातं. विमान वरून बघायला मिळतं ते इथेच. त्यामागे यांगमिंगशानचे जुने ज्वालामुखी डोंगर. आग्नेयेला हिरवी टेकडी अगदी अंगाशी आलेली दिसते, ती शियांगशान, हत्तीची टेकडी. वायव्येला पिवळ्या कौलांचं मोठं छप्पर ते सुन यत-सेन स्मारक. भाड्याच्या दुर्बिणींच्या नादी लागू नका.

९१व्या मजल्यावर उघडी गच्ची आहे, हवा चांगली असेल तरच सोडतात. तिथे वारा खातो माणूस. आईचा पदर आधी कंबरेला खोचून घ्या, बाबांची टोपी खिशात.

उतरायच्या लिफ्टकडे जाणारी वाट मुद्दाम पोवळ्यांच्या आणि जेडच्या दुकानांतून काढलेली आहे. तांबडं पोवळं दिसलं की आपल्याकडच्या कुणालाही मंगळ आठवतो, आणि आई थांबते. किंमत विचारू द्या. ऐकली की आपोआप पुढे चालू लागते.

खाली आल्यावर लगेच घरची वाट धरू नका, कारण वरून सगळं दिसतं, फक्त १०१ दिसत नाही. इमारतीचा चांगला फोटो हवा तर दोन जागा. गुडघे धड असतील तर एक स्टेशन पुढे शियांगशानला उतरून हत्तीची टेकडी चढा. उंची १८३ मीटरच, पण सगळ्या दगडी पायऱ्या, खड्या, सहाशेच्या घरात. तरुण माणसाला वीस मिनिटं. माझ्या नणंदेची मुलं पळत गेली, मी दोनदा बसले. वयस्कर माणसांना इथे नेऊ नका, "जमेल जमेल" म्हणतात आणि उतरताना रडकुंडीला येतात.

त्यांच्यासाठी दुसरी जागा: इमारतीपासून चालत पाच-सात मिनिटांवरचं सस्सू नान त्सुन, चव्वेचाळीस नंबरची दक्षिण वस्ती. १९४८-४९ च्या सुमारास चीनमधून इकडे आलेल्या ४४व्या शस्त्रकारखान्याच्या कामगारांची ही बैठी घरं. बहुतेक पाडली, थोडी राखून ठेवली. भिंतीला भिंत लावून रांगेने खोल्या, बुटकी दारं, मध्ये गवत. आणि त्यांच्या छपरामागे एकदम ती फुलपात्रांची चळत. आई तिथल्या कट्ट्यावर बसली, चपला काढल्या, म्हणाली, "इथे बरंय." आमचा सगळ्यांत चांगला फोटो तिथलाच, अनवाणी पायांसकट.

अंधार पडला की इमारतीवर दिवे लागतात, आणि त्यांचा रंग वारावर ठरतो. लक्षात ठेवायची सोय आपल्याला शाळेतच करून दिलेली आहे: तानापिहिनिपाजा. सोमवारी ता म्हणजे तांबडा, मंगळवारी नारंगी, असं करत रविवारी जांभळा. आम्ही गुरुवारी गेलो होतो. बाबांनी बोटांवर मोजून "हिरवा" म्हटलं आणि दोन मिनिटांनी हिरवाच लागला. त्यानंतर शेजारी उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या मुलींना ते तानापिहिनिपाजा मराठीतूनच समजावत होते, आणि मुली माना डोलवत होत्या.

परतीची वेगवान गाडी आरक्षणाशिवायही मिळते, त्यासाठी शेवटचे काही डबे राखलेले असतात. मात्र शुक्रवारी आणि रविवारी संध्याकाळी उभं राहावं लागेल, तेव्हा तिकीट जागेसकट काढा. गाडीत खायला बंदी नाही, बडीशेपेची डबी आता खुशाल उघडू द्या. बसल्या बसल्या दोघंही पेंगणार हे नक्की. तुम्ही स्वतः मात्र मोबाइलला पंचवीस मिनिटांचा गजर लावून ठेवा. शिंचू चुकलं तर ही गाडी दक्षिणेकडे पळत सुटते आणि पुढच्या स्टेशनवर उतरून रात्री उलटी गाडी शोधत बसावं लागतं. पहिल्या खेपेला, त्या दुधाच्या पातेल्याच्या दिवशी, आम्ही म्याओलीपर्यंत गेलो होतो.